सूक्ष्म कण आणि सोनोग्राफी
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



काशीतील दूधविनायक हा मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीचा मोहल्ला. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट तेथून जवळच. ज्या गंगेच्या काठी ही वस्ती आहे, त्या गंगेत सूंस नावाचा डॉल्फिन राहतो. 2009 मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झालेला हा प्राणी जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसते. गढूळ पाण्यात तो माणसाला ऐकू न येणारे ध्वनी सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याची जागा ओळखतो. रुग्णालयातील सोनोग्राफीचे यंत्र याच तत्त्वावर चालते.

सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपलीकडचा ध्वनी मानवी कानाला ऐकू येत नाही. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. सोनोग्राफीत सामान्यतः 20 लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपने वापरली जातात. शरीरातील मऊ ऊतींतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र खोली मोजते आणि चित्र उभे करते. या तपासणीत क्ष-किरण नसतात, खर्च तुलनेने कमी येतो आणि यंत्र लहान गावातही नेता येते. मात्र दोन ऊतींचे गुणधर्म सारखे असतील, तर त्यांच्या सीमेवरून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. रक्ताचा प्रतिध्वनी तर फारच मंद. त्यामुळे लहान गाठीत रक्त कसे खेळते, हे साध्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही.

या उणिवेवर उपाय सापडला तो बुडबुड्यांत. 1968 मध्ये ग्रामियाक आणि प्रवीण शाह यांनी महारोहिणीच्या मुळाशी द्रव सोडून हृदयाची तपासणी केली, तेव्हा प्रतिध्वनींचा दाट ढग दिसला. त्या द्रवातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे हे त्याचे कारण होते. वायू आणि रक्त यांच्या गुणधर्मांत एवढे अंतर असते, की बुडबुडा ध्वनीला जोरदार उत्तर देतो. पुढे स्निग्ध पदार्थांचे किंवा प्रथिनांचे कवच देऊन टिकाऊ बुडबुडे तयार झाले. ते तांबड्या रक्तपेशीहून लहान असल्याने फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांतून पार होतात, आणि त्यांतील वायू शेवटी श्वासावाटे बाहेर पडतो. हृदयाच्या व यकृताच्या तपासणीत आज त्यांचा प्रत्यक्ष वापर होतो.

तरीही हे बुडबुडे रक्तवाहिनीच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या व सच्छिद्र असतात. 1986 मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की मोठे रेणू अशा गाठीत झिरपतात आणि तेथेच साचून राहतात. ही छिद्रे बहुधा काहीशे नॅनोमीटरची असतात. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. म्हणजे गाठीत शिरायचे, तर कण त्याच मापाचा हवा. पेच येथेच आहे. बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा प्रतिध्वनी दुबळा. म्हणून काही संशोधक द्रवाचे नॅनोथेंब पाठवतात आणि ते गाठीत पोहोचल्यावर श्राव्यातीत ध्वनीने त्यांचा वायू करतात. आत शिरताना लहान असलेला कण उत्तर देताना मोठा होतो.

हाच कण औषधही वाहून नेऊ शकतो. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रिंती बॅनर्जी यांच्या गटाने 2019 मध्ये असे संशोधन प्रसिद्ध केले. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध लायपोसोम या स्निग्ध कुपीत भरून त्या कुप्या नॅनोबुडबुड्यांना जोडण्यात आल्या. बुडबुडा चित्रात दिसावा, आणि ध्वनीच्या आघाताने तो फुटताच औषध पेशीत शिरावे, अशी ही योजना. एरवी रक्तातून सर्व शरीरभर फिरणारे औषध निरोगी पेशींनाही इजा करते. ही इजा कमी करणे हे या साऱ्या प्रयत्नांचे उद्दिष्ट होय.

वाराणसीत 2019 मध्ये महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. अशा केंद्रांच्या दारी येणाऱ्या कुटुंबांना आशा हवी असते, आणि खरी माहितीही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग तपासले गेले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ 0.7 टक्के निघाले, हजारांत सात. शिवाय उंदराच्या गाठीत जे घडते, ते माणसाच्या गाठीत तसेच घडेल असे नाही.

या आकड्याने विज्ञान खचले नाही. कोठे काम करायचे, ते त्यातून कळले. बाहेरून रोखलेल्या ध्वनीने गाठीची दारे उघडून सातांचे सत्तर करता येतील का, याचा शोध चालू आहे. तोवर नव्या उपचाराची वार्ता कानी आली, की पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर? औषध इच्छित स्थळी किती पोहोचले? आणि प्रचलित उपचाराहून ते सरस ठरले का? ज्या घरात हे प्रश्न विचारले जातील, तेथे रुग्णाची फसवणूक होणे कठीण. आणि ज्या शाळेत ते विचारायला शिकवले जाईल, तेथूनच उद्याचे संशोधक बाहेर पडतील.