कोळंबीच्या कल्ल्यांतील परजीवी

कोपरजवळील उल्हास नदीच्या खाडीपासून पालघर-रायगडच्या खाजणांपर्यंत निमखारे पाणी हेच कोळंबीचे घर असून, तिचे काही शत्रू तिच्याच कवचधारी वर्गातील आहेत. कोळंबीच्या डोक्याच्या एका बाजूला कवचाखाली फुगवटा दिसल्यास तेथे बहुधा बोपायरिड, म्हणजे आयसोपॉड या कवचधारी गटातील परजीवी, वसलेला असतो. त्याचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली बाल्यावस्था, प्रथम कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यावर वाढतो आणि मग त्याला सोडून कोळंबीच्या कल्ल्यांच्या पोकळीत शिरतो. बहुतेक जातींत आधी पोहोचणाऱ्याची मादी होते, तर मागाहून आलेला चिमुकला नर तिच्याच अंगावर राहतो. कोळंबीचे रक्तद्रव ही परजीवी मादी शोषत असल्यामुळे यजमान कोळंबीची वाढ मंदावते आणि अनेकदा प्रजननशक्तीही नष्ट होते.

हा परजीवी एका कोळंबीतून थेट दुसरीत जात नसून त्याला कोपेपॉड हा मधला यजमान लागतो, म्हणूनच कोळंबी-संवर्धनाच्या तळ्यात पाणी घेताना ते बारीक जाळीतून गाळणे, निर्जंतुक करणे आणि बीजोत्पादनासाठी निवडलेल्या कोळंब्यांचे कल्ले तपासणे, हे उपाय प्रत्येक संवर्धकाने कसोशीने पाळले पाहिजेत.