आखाजीनंतरचा बर्फ : तुंगनाथला निघण्याआधी

दीपनगरहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

यंदा आपल्या बऱ्याच गटांत एकच विषय चाललाय. हरिद्वारला जायचं आणि तिथून वर तुंगनाथला. पाच केदारांतलं हे सगळ्यांत उंचावरचं मंदिर. ते उघडतं आखाजीच्या आसपास, आणि आपल्यालाही सवड तेव्हाच. लेकी आखाजी करून सासरी परतल्या, की मृग लागेपर्यंत जरा मोकळीक असते. पण नेमक्या या दिवसांत वरचा बर्फ पुरता वितळलेला नसतो. इथं भुसावळला पारा ४४ अंशांवर, आणि तिथं वाटेत बर्फ! इथल्या उन्हात ते खरं वाटत नाही, म्हणून बायका एक शाल घेऊन निघतात.

बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "आम्ही चैत्रात सप्तशृंगीला पायी जातो, तीन-चार किलोमीटरचं काय घेऊन बसलात?" पायांपुरतं त्यांचं खरं आहे. पण आपली कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १,६४६ मीटर. गाडी आपल्याला सोडते ते चोपताच २,६०० मीटरच्या वर आहे, आणि मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर. तिथं एका श्वासात इथल्या दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. जिचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तिला ती चढण किती जड जाईल बघा. २०२२ साली चारधाम यात्रा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याभरातच शंभरावर यात्रेकरू दगावले, त्यांत हृदयविकाराचे बरेच होते. म्हणून निघायच्या महिनाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघून घ्या. "मला काही होत नाही" म्हणणारीला आधी न्या.

हरिद्वारहून एका दमात चोपत्याला जाऊन लगेच चढू नका. एक मुक्काम उखीमठला करा, जमलं तर पुढचा चोपत्याला, आणि मग सकाळी चढा. अंगाला उंचीची सवय व्हायला वेळ लागतो.

आता बर्फाचं. पहाटे तो काचेसारखा कडक असतो, पाय ठरत नाही. ऊन चढलं की भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. जिथं ओहोळ वाट ओलांडतो तिथं वरून बर्फ दिसतो, पण खालून पाणी वाहून तो पोकळ झालेला असतो. अशा जागी फोटोसाठी उभं राहायचं नाही. मळलेली वाट सोडायची नाही, एकामागे एक चालायचं, पुढचीच्या पावलात पाऊल टाकायचं. वर किती बर्फ आहे हे चोपत्याच्या ढाब्यावर आदल्या संध्याकाळी विचारा. वाट बर्फाखाली असेल तर तिथला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधीच खर्चात धरा. मंदिराच्या वर चंद्रशिला आहे, बर्फ असताना तिकडे वळूच नका.

चपला चालणार नाहीत. खाचांच्या तळाचे बूट घ्या आणि ते महिनाभर इथं वापरा, नाहीतर फोड तिथं येतील. साडीचा घोळ ओला झाला की दिवसभर थंड राहतो, म्हणून पंजाबी ड्रेसच बरा. ज्या काकूंना साडीच हवी त्यांनी आतून गरम पायजमा घालावा आणि साडी घोट्याच्या वर खोचावी. सुके मोजे दोन जोड, टोपी, रेनकोट. काळा चष्माही हवा, कारण बर्फावरून उलटं येणारं ऊन डोळ्यांना आणि हनुवटीखाली भाजतं.

आणि पाणी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपण बायका प्रवासात पाणीच पीत नाही. लघवीला कुठं जायचं, ही भीती. पण उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं दुखायला लागतं, आणि ते उंचीमुळं की तहानेनं, हे कळत नाही. आडोशासाठी एक जुनी चादर पिशवीत ठेवा, दोघींनी धरायची. लाज कसली! दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू जवळ असू द्या.

सकाळी साडेसहा-सातला निघा. दुपारनंतर तिथं ढग येतात, गारा पडतात, वीज कडाडते. म्हणून बारा वाजता वळायचं, मंदिर समोर दिसत असलं तरी.

हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? गटातून कर्ज उचललेलं असतं, घरी दहा जणांची परवानगी काढलेली असते, पुन्हा येणं होईल याची खात्री नसते. मग बाई डोकेदुखी लपवते, उलटी झाली तरी "काही नाही गं" म्हणते. डोकं दुखतंय, मळमळतंय, तोल जातोय, बसून राहिलं तरी धाप लागतेय, तर खाली उतरणं हाच इलाज. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. म्हणून आम्ही गटाच्या वहीत निघण्याआधीच ठराव लिहून घेतो. सगळ्यांत हळू चालणारी पुढं राहील. जिला त्रास होईल तिच्याबरोबर कोण उतरेल, तिचं नाव आधी ठरलेलं असेल. एकटीला ढाब्यावर बसवून बाकीच्या पुढं जाणार नाहीत. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, अंगठा असेल तर अंगठा.

सरावाची पहिली फेरी येत्या रविवारी आहे, यावल तालुक्यातल्या मनुदेवीला. ऊन व्हायच्या आत परतायचंय, तेव्हा पहाटे पाचला निघू. बूट घालूनच या, आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून आणा.