ऊर्जा गावाची, हिशेबही गावासमोर

(वर्धा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



विदर्भाचे ऊन हा आजवर केवळ सोसण्याचा विषय होता. आता तेच ऊन संपत्ती म्हणून मोजले जाऊ लागले आहे. शेतीपंपांसाठी ‘कुसुम’ योजना २०१९ मध्ये आली. शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर आणण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा हाती घेतला. घरांच्या छपरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली आणि तिच्यात प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम उभे करण्याची तरतूद झाली. सातारा जिल्ह्यातील मान्याची वाडी त्याच वर्षी राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. हे सारे आनंददायक आहे.

परंतु या विषयावरील चर्चा बहुधा किलोवॉट आणि अनुदान या दोन शब्दांपाशी थांबते. उद्घाटनाची फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात, पाहुणे परततात. त्यानंतर पंचवीस वर्षे तो प्रकल्प चालवायचा असतो. गावाने स्वतःची वीज स्वतः निर्माण करायची आणि स्वतःच वाटायची, तर तिचा पैसा कोण गोळा करणार, कोण खर्च करणार, आणि करणाऱ्याला जाब कोण विचारणार? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. वर्ध्याच्या भूमीवर त्याचा विचार होणे सर्वस्वी उचित आहे.

मगनवाडीचा वारसा

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत त्याचे कार्य सुरू झाले. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पांचा परिचय गांधीवादी अर्थतज्ज्ञ असा करून दिला जातो. पण ते मुळात हिशेबनीस होते. लंडनमध्ये लेखापरीक्षणाची पदवी घेऊन त्यांनी मुंबईत तो व्यवसाय केला होता. ग्रामोद्योगाच्या या आचार्याने खेड्याकडे येताना चरख्याबरोबर कीर्द-खतावणीची शिस्तही आणली, याचे विस्मरण होऊ नये.

त्याच वर्षाच्या जानेवारीत बिहारला भूकंपाने उद्ध्वस्त केले. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीचे आर्थिक सल्लागार म्हणून कुमारप्पांनी एक नियम घातला : स्वयंसेवकाचा दैनंदिन खर्च तीन आण्यांच्या आत. पुढे गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले, तेव्हा त्यांच्या परिवाराचा खर्चही मदतनिधीतून देण्यास कुमारप्पांनी नकार दिला. हा निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही, ही त्यांची भूमिका होती. गांधीजींनी ती मान्य केली.

या प्रसंगात कोणी अप्रामाणिक नव्हते. सर्वांच्या सचोटीविषयी सर्वांना खात्री होती, आणि तरीही नियम सर्वांना लागू झाला. सार्वजनिक संस्थेतील आर्थिक शिस्तीचा पाया येथे आहे. माणूस चांगला आहे म्हणून हिशेब शिथिल करायचा नसतो. चांगल्या माणसाचे चांगलेपण वादाच्या पलीकडे राहावे, यासाठीच तो काटेकोर ठेवायचा असतो.

कुमारप्पांनी ऊर्जेविषयीही मूलभूत मांडणी केली आहे. कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, तो वापरला की घटतो. ऊन, वारा, वाहते पाणी हा प्रवाह आहे, तो वापरूनही आटत नाही. अर्थव्यवस्था जितकी प्रवाहावर उभी राहील, तितकी ती टिकाऊ ठरेल, असा हा विचार. सौरविजेच्या पुरस्कर्त्यांना तो आज नव्याने आठवतो. मात्र सूर्यप्रकाश प्रवाह असला, तरी बॅटरी, इन्व्हर्टर आणि तारा या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची झीज ज्या वहीत लिहिली जात नाही, ती संस्था प्रवाहावर उभी असूनही कोरडी पडते.

मुळा-प्रवरेचा धडा

लोकांच्या मालकीची वीजसंस्था ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९६९ मध्ये मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था स्थापन झाली. ग्रामीण विद्युतीकरणासाठी देशात ज्या मोजक्या सहकारी संस्था प्रयोग म्हणून निवडल्या गेल्या, त्यांत तेव्हाच्या आंध्रातील सिरसिल्ला आणि कर्नाटकातील हुक्केरी यांच्यासमवेत तिचे नाव होते. श्रीरामपूर-राहुरी परिसरातील गावांना वीज देणारी, ग्राहकच जिचे सभासद आहेत अशी ही संस्था सहकाराचे भूषण मानली जात असे.

अशा संस्थेचा परवाना २०११ च्या जानेवारीअखेर संपला आणि वीज नियामक आयोगाने त्या क्षेत्राचे वितरण महावितरणकडे सोपविले. महावितरणच्या म्हणण्यानुसार त्या वेळी संस्थेकडील थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. संस्थेची बाजू निराळी होती : शेतीचे सवलतीचे दर शासनाच्या धोरणाने ठरत होते आणि त्यातील तुटीचा भार संस्थेवर पडत होता. वाद वरच्या न्यायासनांपर्यंत गेला. त्यात कोणाचे किती खरे, हा येथे मुद्दा नाही. विचार करावयाचा तो रोगाच्या स्वरूपाचा.

शेतीपंपांना मीटर नसले की वीज अश्वशक्तीच्या अंदाजाने आकारली जाते. मग संस्थेने घाऊक दराने घेतलेल्या विजेपैकी किती पिकाला गेली, किती तारांत जिरली आणि किती आकड्याने पळविली, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. जे मोजले जात नाही त्याचे लेखापरीक्षणही होत नाही. लेखापरीक्षक केवळ रुपये तपासतो. युनिट हवेत विरून जातात. त्यात सभासद हाच मतदार आणि मतदार हाच थकबाकीदार असेल, तर वसुली करणारा संचालक निवडणुकीत पडतो आणि डोळेझाक करणारा निवडून येतो. लोकशाहीचे हे वैगुण्य सहकारातील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

दोन लहान गावे

मोठ्या संस्थेचे सोडा, लहान गावात काय घडते? पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या सह्याद्रीतील वाडीत २०१२ मध्ये सुमारे साडेनऊ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. घरे जेमतेम चाळीस. यंत्रसामग्रीचा खर्च बाहेरच्या देणगीतून झाला. पण चालविण्याची जबाबदारी गावकऱ्यांच्या न्यासाकडे देण्यात आली, घरोघरी मीटर बसले आणि वापरानुसार दरमहा पैसे घेण्याची पद्धत ठरली. तो पैसा देखभालीचा आणि पुढे बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांचा. वीज देणगीतून आली म्हणून ती फुकट वाटायची नाही, हा निर्णय पहिल्याच दिवशी झाला.

याउलट बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाची कथा. २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॉटचा प्रकल्प मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. थोड्याच काळात सरकारी वीज स्वस्त दरात गावात आली. काही वर्षांत सौर प्रकल्पाच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि त्या बदलल्या गेल्या नाहीत. ज्या आवारातून गाव उजळायचे, तेथे पुढे गुरे बांधली जाऊ लागली. सूर्य तेथेही रोज उगवत होता.

आधी युनिटचा ताळेबंद, मग रुपयांचा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाने १० किलोवॉटचा प्रकल्प उभारला. आपल्या भागात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर वर्षाला १४,६०० युनिट निर्माण होतील. घरोघरीच्या मीटरवर १२,००० युनिटची नोंद झाली. मग उरलेले २,६०० युनिट, म्हणजे जवळपास १८ टक्के, कोठे गेले? मंदिराचे दिवे, शाळा, पाण्याची मोटर यांत गेले असतील तर तसे लिहावे. बॅटरीत व तारांत जिरले असतील तर तंत्रज्ञाने तसे सांगावे. यापैकी काहीच नसेल तर वीज चोरीला जाते आहे. निर्मिती, विक्री, सार्वजनिक वापर आणि गळती ही चार आकड्यांची ओळ दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर शाळेतील मुलेही हिशेब तपासतील.

दुसरा आकडा घसाऱ्याचा. समजा बॅटऱ्यांचा संच तीन लाखांचा आहे आणि सहा वर्षे टिकतो. याचा अर्थ दरवर्षी ५० हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. गावात ५० घरे असतील तर प्रत्येक घरामागे महिन्याला सुमारे ८३ रुपये होतात. ही रक्कम आज जड वाटते. पण सहाव्या वर्षी एकरकमी सहा हजार रुपये मागितले, तर किती घरे देतील? म्हणून हा निधी स्वतंत्र खात्यात, मुदत ठेवीत असावा आणि आमसभेच्या ठरावाशिवाय त्याला हात लावता येऊ नये. उत्सव, स्वागतकमान, सभामंडप ही कामे चांगली असतील. पण ती बॅटरीच्या पैशातून होता कामा नयेत.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. पंप बंद असताना उरलेली वीज ते वितरण कंपनीला विकू लागले. अशा व्यवस्थेत कंपनीकडून येणारा पैसा संस्थेच्या नावे एकत्र येतो आणि मग सभासदांत वाटला जातो. वाटपाचा आधार प्रत्येकाच्या मीटरचे वाचन हाच असतो. तेथे वाचनाची वही ही दुधाच्या डेअरीतील फॅटच्या नोंदीइतकीच पवित्र ठरते.

कायदा आणि परंपरा

विद्युत कायदा, २००३ च्या पाचव्या कलमाने ग्रामीण भागातील स्थानिक वितरणाचे व्यवस्थापन पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांच्याकडे देण्याचे दार उघडे ठेवले आहे. त्याच कायद्याने मीटरशिवाय वीज न देण्याचे बंधनही घातले. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, लेखापरीक्षण आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. लेखापरीक्षक सभासदांनी सभेत नेमायचा असतो. त्याने दाखविलेल्या दोषांवर संचालक मंडळाने दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा असतो.

हे परकीय व्यवस्थेचे अनुकरण आहे, असे कोणी मानू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार गणले आहेत. हिशेबाचे वर्ष आषाढी पौर्णिमेला संपते, त्या वेळी अधिकाऱ्यांनी मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन यावे, आणि तपासणीपूर्वी त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये, अशी त्याची व्यवस्था आहे. जुलैअखेरच्या लेखापरीक्षणाचे आणि त्या आषाढाचे अंतर फार नाही.

मात्र कायदा कागदावर पाळता येतो. सभेचे इतिवृत्त घरी बसून लिहिता येते, सह्या मागाहून गोळा करता येतात, अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर करता येतो. येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. पैसा घेणारा आणि वही लिहिणारा एक नसावा. पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नये. खरेदी किमान तीन दरपत्रके मागवूनच व्हावी आणि संचालकाच्या नातलगाला ठेका मिळू नये. लेखापरीक्षकाचे आक्षेप सभेत मोठ्याने वाचले जावेत. थकबाकीदारांची यादी लावायची तर ती पदाधिकाऱ्यांच्या नावापासून सुरू व्हावी. अध्यक्षाच्या घरची वीज थकबाकीसाठी तोडण्याचे धैर्य ज्या संस्थेत आहे, तिची वसुली सहसा अडत नाही.

शिस्त शिकवावी लागणार नाही

वर्धा जिल्ह्यात हे अवघड नाही, कारण ही शिस्त गावोगावच्या माताभगिनींच्या अंगवळणी पडली आहे. बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि नियमित परतफेड यांच्या जोडीला पाचवे सूत्र हिशेबाच्या अद्ययावत नोंदींचे आहे. देवळी तालुक्यातील कवठा (झोपडी) येथे बचत गटांतील महिलांनी आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाने सौर पॅनेल निर्मितीची सहकारी संस्था उभी केली. पॅनेल जोडणे शिकता येते, हे त्यांनी दाखविले. वीस रुपयांच्या बचतीचाही हिशेब बैठकीत मांडणाऱ्या या भगिनींकडे गावाच्या विजेची वही सोपविली, तर ती अधिक सुरक्षित राहील.

तेव्हा ज्या गावाला सौरग्राम व्हायचे आहे, त्याने पॅनेलची मागणी करण्यापूर्वी एक ग्रामसभा घ्यावी. त्या सभेत दर ठरवावा, वसुलीचा नियम ठरवावा, बॅटरीचा निधी ठरवावा आणि वही लिहिणाऱ्या दोन व्यक्ती निवडाव्यात. हे ठरले नाही तर अनुदानाचा अर्ज महिनाभर थांबवावा. एक महिना उशिरा आलेली वीज गाव सहन करील. पण एकदा विझलेल्या प्रकल्पावर पुन्हा विश्वास ठेवायला त्याच गावाला एक पिढी लागेल.