शरीराची समस्थिती आणि वडीलधाऱ्यांची तहान
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, विश्रांतवाडी येथे केलेले भाषण)



आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी पुण्यास जाताना आपल्या विश्रांतवाडीवरून जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी देण्यास आपण रस्त्यावर उभे राहतो. या सेवेमागे शरीरशास्त्रही आहे.

बाहेर ऊन असो वा थंडी, निरोगी शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअसच राहते. रक्त तापले की मेंदूच्या आज्ञेने त्वचेकडे अधिक रक्त वाहू लागते व घाम सुटतो; तो वाळताना अंगातील उष्णता हरण करतो. पाणी घटले की मेंदू तहान उत्पन्न करतो आणि मूत्रपिंडांकरवी पाणी राखून ठेवतो. या व्यवस्थेस अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे समस्थिती, असे नाव दिले.

परंतु वार्धक्यात तहानेची सूचना मंदावते. गेल्या वैशाखात मला स्वतःला घेरी आली. घशास कोरड नव्हती, म्हणून सकाळपासून मी पाणीच प्यालो नव्हतो! सुनेने वेळीच सावरले.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागल्यास त्यास सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा व विनाविलंब रुग्णालय गाठावे. वैद्यांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे.

वारकऱ्यास आपण न मागता पाणी देतो. घरातील वृद्धांच्या बाबतीतही तोच धर्म पाळावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.