फेरफार उघडा, आधार झाकलेला



भाटघर धरणाच्या पाण्याकडेला जमिनीला आज जो भाव आलाय, तो ऐकला की मला आधी मुंबईला पोटासाठी गेलेली भोर-वेल्ह्याची माणसं आठवतात. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस नोंद राहून गेलेली, आणि गावी येणं गणपती नाहीतर जत्रेपुरतं. सामाईक गटातला तुकडा भावकीतल्या कोणी परस्पर विकला, तर या माणसाला कळणार कसं? कळतं ते फेरफारावरून.

जमीन महसूल अधिनियमाचं कलम 150 पाहा. तलाठ्यानं फेरफाराची नोंद घेतली की तिची प्रत चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं. कलम 327 तर सांगतं की नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहायला खुले असतील. कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली, हे गावासमोर यावं अशीच कायद्याची योजना आहे.

पण त्याच नोंदीमागची फाईल उघडली की चित्र बदलतं. आधारची झेरॉक्स, पॅन, फोटो, मोबाईल नंबर, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. वारसाचं प्रकरण असेल तर घरचे जबाब: कोणाचं दुसरं लग्न, कोणती लेक सासर सोडून माहेरी आलेली. हे गावानं वाचायचं काहीच कारण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमतानं सांगितलं. तो हक्क मुंबईतल्या वकिलाला आहे तितकाच वेल्ह्याच्या त्या लेकीलाही आहे.

मग मेळ घालायचा कसा? माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात तो घातलेला होता. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्यानं विनाकारण कोणाच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ होईल, ती नाकारता येई. व्यापक जनहित असेल तर तीही देता येई. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असंही त्यात लिहिलेलं होतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली झाला. त्यानं वैयक्तिक माहितीच्या कलमातून हे सगळं काढून टाकलं आणि नकाराला नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण ठेवलं. नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागूही झाला.

मला हा बदल मान्य नाही. आपल्याच खोऱ्यातलं पाहा. भाटघरचं धरण 1928 साली पूर्ण झालं, तेव्हा उठलेल्या माणसाला सरकारी दप्तर मागायचा हक्कच नव्हता. नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं झाली ती आपल्या हयातीत. पर्यायी जमीन कोणाला मिळाली, कुठं, किती, ही यादी नावांनीच भरलेली असते. नाव म्हणजे वैयक्तिक माहिती, असं म्हणून ती यादी मिटली, तर बोगस दाखल्यावर जमीन लाटणारा सुरक्षित राहतो आणि खरा धरणग्रस्त दारात उभा राहतो.

घरच्या कागदाची गोष्ट वेगळी. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी 1916 च्या सुमारास प्रसिद्धीला आणली. तो कागद जेध्यांच्या घरचा. दाखवायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. पुनर्वसनाची यादी कोणाच्या घरची नाही.

आणि वाट अजून पुरती बंद झालेली नाही. जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी, असं सांगणारं माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) शाबूत आहे. कलम 10 सांगतं की झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद द्यावा. तेव्हा अर्जात नुसतं ‘संपूर्ण फाईल द्या’ असं लिहू नका. गट नंबर, नाव, क्षेत्र, आदेशाची तारीख मागा. आधार, बँक, फोन झाकून द्या, असं आपणहून लिहा. जनहित कोणतं, तेही दोन ओळींत मांडा. अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. नकार आला तर तो लेखी घ्या, त्यात कलम आणि कारण लिहून मागा, आणि तिथून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे टाका.