मत कोणाचे, संस्था कोणाची ?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण. स्थळ : खंडेराव मार्केट, बडोदे)



सभेला येताना आपल्यापैकी अनेकजण खंडेराव मार्केटच्या इमारतीवरून आला असाल. सयाजीराव महाराजांनी ही वास्तू खंडेराव महाराजांच्या नावे बाजारासाठी बांधविली. पुढे तिच्या दर्शनी भागात महानगरपालिकेचे कार्यालय आले. भाजी-फुलांचा बाजार पाठीमागे राहिला. कारभार पाहणारे आणि ज्यांच्यासाठी तो पाहायचा ते, यांच्यात येथे एका भिंतीचे अंतर आहे. संस्था जसजशी मोठी होते तसतसे हे अंतर वाढत जाते. मग आपल्या वतीने बोलतो तो कोण, असा प्रश्न सभासदाला पडू लागतो.

या प्रश्नाचा विचार मी क्रिकेटच्या आधारे करणार आहे. ग्रंथालयात क्रिकेट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हौसेपोटी एकत्र आलेल्या माणसांनी चालविलेली संस्था हे दोहोंचे मूळ एकच आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ डिसेंबर १९२८ मध्ये स्थापन झाले. त्याचे सदस्य म्हणजे निरनिराळ्या क्रिकेट संघटना. भाषावार प्रांतरचनेच्या आधीचा तो काळ. त्यामुळे संस्थाने आणि जुने प्रांत यांच्या सीमा क्रिकेटच्या नकाशावर टिकून राहिल्या. आजच्या महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ अशा तीन संघटना आहेत, आणि गुजरातेत गुजरात, सौराष्ट्र व आपले बडोदे. बडोदा क्रिकेट असोसिएशनची स्थापना १९३७ ची. बडोद्याने रणजी करंडक पाच वेळा जिंकला. त्यातील शेवटचा विजय २०००-०१ च्या हंगामातला. १९४७ साली होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही जोडीसाठीचा तो जागतिक विक्रम ५९ वर्षे अबाधित होता. नियामक मंडळाच्या कारभारातही बडोदे मागे नव्हते. फत्तेसिंहराव गायकवाड १९६३ ते १९६६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते, आणि जयवंत लेले यांनी पुढे सचिवपद सांभाळले.

अशा बडोद्याचे मत एकदा धोक्यात आले. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व सुचविले, आणि १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. एका राज्यातील अनेक संघटनांनी मताधिकार आळीपाळीने वापरावा, असे ठरले. म्हणजे बडोद्याची पाळी तीन वर्षांतून एकदा येणार ! संघ खेळत राहणार होता, पण धोरण ठरताना दोन वर्षे आपण मतावाचून बसणार होतो.

आपल्याला हा अन्याय वाटला, हे स्वाभाविकच होते. परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दोन राज्यांकडे सहा मते असताना ईशान्येकडील अनेक राज्यांना मत नव्हते, आणि तेथील मुलांना रणजी करंडकात स्वतःच्या राज्याचा संघही नव्हता. त्यांच्या दृष्टीने आपला इतिहास हा आपला विशेषाधिकार होता.

९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने या निर्णयात बदल केला. केवळ भौगोलिक सीमेवरून एखाद्या संघटनेला वगळले, तर तिचा इतिहास व खेळासाठी तिने केलेले कार्य यांकडे दुर्लक्ष होते, असे मानून महाराष्ट्र व गुजरातमधील सहाही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत दिले. ज्या दोन क्लबांचा संघ स्पर्धांत उतरत नव्हता, त्यांचे मत मात्र परत मिळाले नाही. त्याच वर्षीच्या हंगामात रणजी स्पर्धेत नऊ नवे संघ आले. त्यांत मणिपूर, मेघालय, मिझोराम व नागालँड होते. जुन्यांची पाने न उचलता नव्यांसाठी पंगत वाढविली गेली, हे मला या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे वाटते.

पण येथे गोष्ट संपत नाही. बडोद्याचे मत परत मिळाले. ते देणार कोण? हजाऱ्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी मैदानावर जे मिळविले, त्याच्या पुण्याईवर हे मत टिकले. सभेत हात वर करतो तो मात्र पदाधिकारी. ही उणीव ओळखूनच मंडळाच्या नव्या घटनेत सर्वोच्च परिषदेवर माजी खेळाडूंचे दोन प्रतिनिधी घेण्याची तरतूद झाली. त्यांत एक पुरुष आणि एक स्त्री. २०१९ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने आपला प्रतिनिधी म्हणून निवडले ते बडोद्याच्याच अंशुमान गायकवाड यांना, आणि त्यांच्यासोबत शांता रंगास्वामी यांना. नव्वद वर्षांच्या संस्थेत खेळणाऱ्यांना हक्काची जागा मिळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, याची खंत वाटते. पदावरील मुदतीचे नियम तर पुढे सैलही झाले. २०१६ मध्ये प्रत्येक कार्यकाळानंतर सक्तीची विश्रांती होती. मंडळाच्याच विनंतीवरून २०२२ मध्ये राज्य संघटनेतील सहा आणि मंडळातील सहा, अशी सलग बारा वर्षे पदावर राहण्याची मुभा मिळाली. खुर्ची सोडणे कोणालाच सोपे नसते.

आता आपल्या घराकडे वळू. आपली वार्षिक सभा कशी होते, हे आपण जाणतोच. ठरल्या वेळी गणपूर्ती होत नाही, अर्धा तास सभा तहकूब होते, आणि नंतर हजर असतील तेवढ्यांत ताळेबंद मंजूर होतो. त्याच वेळी वाचनकक्षात पुस्तकावर मान घालून बसलेला विद्यार्थी, मासिक बदलायला आलेली गृहिणी आणि बालविभागातील मुले या कारभाराच्या बाहेरच असतात. खेळाडूवाचून चाललेल्या क्रिकेट मंडळाला आपण हसावे, आणि वाचकावाचून चाललेली कार्यकारिणी आपल्याला खुपू नये, हे बरे नव्हे.

म्हणून या शताब्दीनिमित्त मी दोन सूचना नम्रपणे मांडतो. रोज येणाऱ्या वाचकांतून निवडलेल्या एक पुरुष व एक स्त्री प्रतिनिधीला कार्यकारिणीत स्थान द्यावे. आणि दीर्घकाळ पदावर असलेल्यांनी, मी स्वतःला त्यातून वगळत नाही, नियमाची वाट न पाहता मागच्या बाकावर बसण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या पूर्वसूरींनी मिळविलेला मान एका पिढीपुरता पुरतो. पुढच्या पिढीसाठी तो पुन्हा कमवावा लागतो, आणि त्याची सुरुवात वार्षिक सभेला वेळेवर येण्यापासून होते.