वेरूळची वार्ता : ताम्रपटापासून मोबाईलपर्यंत
(सुतार समाजाच्या वेरूळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘प्रसारमाध्यमे आणि आपले जीवन’ हा विषय नेमून दिला. विषय मोठा आणि वेळ थोडा, अशा स्थितीत वक्त्याने साऱ्या जगाची यात्रा करावी की एकाच ठिकाणी पाय रोवून उभे राहावे? आम्ही दुसरा मार्ग पत्करला आहे. आपण ज्या गावी जमलो आहोत, त्या गावाची वार्ता गेली बाराशे वर्षे कोणकोणत्या वाहनांतून जगात गेली आणि प्रत्येक वाहनाने तिच्यातले काय ठेविले व काय टाकिले, एवढेच आज सांगावयाचे आहे. यात आपल्या समाजाचा थेट संबंध येतो, हे पुढे दिसेलच.

प्रथम आजचे वाहन घेऊ. मोबाईलवर येणारी ती चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. कैलास लेण्याचे आकाशातून टिपलेले दृश्य, भारावलेले संगीत आणि गंभीर आवाजात एक गणित : चार लाख टन दगड, अठरा वर्षे, रोज बारा तास काम, म्हणजे दर तासाला पाच टन दगड काढावा लागेल, हे माणसाला अशक्य, तेव्हा हे काम परग्रहावरून आलेल्यांचे! हा विचार इथल्या मातीतला नव्हे. एरिक फॉन डॅनिकेन यांच्या १९६८ च्या पुस्तकाने तो जगभर पसरविला, अमेरिकेतील ‘एन्शन्ट एलियन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला चित्रे पुरविली, आणि आता त्याचे मराठी तुकडे आपल्या घराघरांत येऊन पडत आहेत. सुताराच्या घरातला नातू आजोबांना विचारतो, “आजोबा, हे खरंच माणसांनी केलंय का हो?” ज्या आजोबांचे सारे आयुष्य वाकस आणि पटाशी चालविण्यात गेले, त्यांना हा प्रश्न ऐकावा लागतो, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

गणितच करावयाचे तर पुरे करू. तासाला पाच टन म्हणजे सुमारे पाच हजार किलो. पाचशे माणसे कामावर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाला दहा किलो येतात. काळा पाषाण कठीण असतो, सर्वांना एकाच वेळी खड्ड्यात उतरता येत नाही, दगड वाहून न्यावा लागतो, हे सर्व मान्य. परंतु ज्याने घण एकदा तरी उचलला आहे, त्याला दहा किलो या आकड्यात परग्रहाची चाहूल लागणार नाही. चित्रफितीने टन सांगितले, तास सांगितले, माणसे मात्र सांगितली नाहीत. तिची सारी करामत या एका गाळलेल्या आकड्यात आहे. आणि काम कसे झाले, हे तर डोंगरच सांगतो. कारागिरांनी वरून तीन बाजूंनी चर खणून मध्ये एक प्रचंड ठोकळा सुटा केला आणि शिखरापासून पायापर्यंत कोरीत ते खाली आले. आवार सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे, मागचा कडा १०७ फुटांच्या आसपास उंच आहे, आणि त्या कड्यांवर टाकीच्या घावांच्या खुणा अजून दिसतात.

आता मागे जाऊ. कैलासाची सर्वांत जुनी लेखी वार्ता तांब्यावर आहे. गुजरातेतील राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याच्या शके ७३४ च्या, म्हणजे इ. स. ८१२-१३ च्या, बडोदे ताम्रपटात एलापूरच्या या देवालयाची स्तुती येते. कृष्णराजाने ते करविले; विमानांतून जाणारे देव त्याच्याकडे पाहून थक्क झाले; इतकेच नव्हे, तर ज्या शिल्पीने ते घडविले तोही आपण हे कसे केले म्हणून विस्मित झाला, असा त्याचा आशय आहे. कारागीर येथे आला, पण बिननावाचा. ताम्रपट हे दानपत्र असते. दान देणारा राजा, घेणारा ब्राह्मण आणि राजाचे पूर्वज यांची नावे त्यात प्रामुख्याने हवी असतात. त्या माध्यमाला शिल्पीच्या नावाचे प्रयोजनच नव्हते.

पुढे मराठी भाषा लिहिती झाली. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचा एळापूर येथील मुक्काम आणि येथील लेणी येतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची कथा त्यानंतरची आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवरील कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरु’ या ग्रंथात ती येते. राजा दुखणाईत पडला; राणीने नवस केला की तो बरा झाला तर शिवालय बांधीन आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता आली पंचाईत! देवालय बांधायचे म्हणजे वर्षे लागणार, आणि राणी उपाशी. तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर सात हजार माणसे घेऊन आला आणि त्याने आठवड्याभरात शिखर दाखवितो असे वचन दिले. त्याने पायाऐवजी शिखरापासून आरंभ केला, राणीचा उपास सुटला. डोंगर वरून खाली कोरला, ही जी गोष्ट पुराणवस्तुशास्त्रज्ञ मोजमापे घेऊन सांगतात, ती या कथेने उपाशी राणी उभी करून सांगितली. चित्रफितीचे पाच टन कोकासाच्या सात हजार माणसांत वाटून पाहा. माणशी तासाला पाऊण किलोही येत नाही!

ही कथा मंदिराच्या नंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिली गेली, म्हणून कोकास हाच कैलासाचा शिल्पी असे आम्ही म्हणणार नाही. ‘वसुदेवहिंडी’ या जुन्या प्राकृत ग्रंथात कोक्कास नावाचा एक सुतार आहे आणि तो लाकडाचे उडते यंत्र करतो. मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही शिलालेखांत कारागीर स्वतःला कोकासाच्या कुळातले म्हणवितात. कोकास हे नाव असे गोष्टीतून गोष्टीत, कुळातून कुळात फिरत आलेले दिसते. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ताम्रपटाने जे नाव दिले नाही, ते पुराण ऐकणाऱ्या मंडळींसमोर उभ्या राहणाऱ्या कथेने दिले. कारण ती ऐकायला बसलेल्यांत हात राबविणारी माणसे होती, आणि हे केले कोणी, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

मग छापखाना आला. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९४ मध्ये वेरूळ पाहिले आणि त्यावर लिहिलेला लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. लेण्यांचे वय त्याने गावात विचारले. मुसलमान सांगणाऱ्याने नऊशे वर्षे सांगितली, ब्राह्मणाने ७८९४ वर्षे. मॅलेटने दोन्ही आकडे कोणी सांगितले या उल्लेखासह छापले. आज आपल्याला माहीत आहे की नऊशे हा आकडा सत्याच्या पुष्कळ जवळ होता. परंतु ७८९४ मधील तो शेवटचा चार पाहा! इतका नेमका आकडा ऐकला की माणूस शंका घेण्याचे विसरतो. मोबाईलवरील निरोपांनी हा गुण कोठून घेतला, याचे आम्हांस आता नवल वाटत नाही.

याच काळात पुण्यास गंगाराम तांबट नावाचा एक चित्रकार होता. शनिवारवाड्यात मॅलेटच्या खटपटीने निघालेल्या चित्रशाळेत तो शिकला आणि मॅलेटसाठी त्याने वेरूळची चित्रे काढली. तांबटाचा मुलगा, आपल्याच पंचाळांच्या पंगतीतला. १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचा सुंदर संच निघाला आणि युरोपभर या गावाचे नाव झाले. त्या संचाच्या मुखपृष्ठावर चित्रे काढणारा जेम्स वेल्स आणि ती कोरविणारा टॉमस डॅनियल यांची नावे आहेत. त्यांची योग्यता कमी होती असे नाही. पण लंडनच्या ग्राहकाला लंडनचे नाव हवे होते. गंगारामाची चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि आमच्या संमेलनात त्याचे नाव कोणी घेतल्याचे आम्हांस आठवत नाही.

आता एक थोडे कडू औषध. दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ किंवा ‘विश्वकर्मा’ म्हणतात. मॅलेटच्या लेखातही ते विश्वकर्म्याच्याच नावाने येते. आपले पूर्वज तेथे येऊन आतल्या मूर्तीला हात जोडीत. मूर्तीने हातांची बोटे जुळविली आहेत, ती काम करताना बोट कापले म्हणून धरली आहेत, असे आपल्या घरांतून सांगत. किती जिव्हाळ्याची गोष्ट! बोट न कापलेला सुतार कोणी पाहिला आहे? परंतु अलीकडे आपल्याच गटांतून एक निरोप फिरतो की हे मूळचे विश्वकर्म्याचे मंदिर, पुढे ते बळकाविले गेले. बंधूंनो, हे खरे नाही. ते बौद्धांचे चैत्यगृह आहे, सातव्या शतकाच्या सुमाराचे. आत स्तूपासमोर धर्मोपदेश करणारे बुद्ध बसले आहेत. आपल्या शेजारची कितीतरी कुटुंबे तेथे वंदनेला येतात. पूर्वजांच्या तोंडी ती भक्तीची कथा होती. मोबाईलने तिचा दावा केला. तोंडी कथा सांगणारा समोर असतो, त्याला उलट विचारता येते, आणि ऐकणाऱ्यांतला एखादा बौद्ध शेजारी लगेच बोलू शकतो. व्हॉट्सॲपच्या गटात आपण आपलेच असतो.

आणि असा दावा करण्याची गरजच काय? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडाच्या खऱ्याखुऱ्या कमानी दोन हजार वर्षांपासून आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात त्याच फासळ्या दगडात कोरल्या आहेत. दगडाच्या छताला फासळ्यांचा आधार लागत नाही. तरी त्या आहेत, कारण चैत्यगृह कसे दिसावे हे सुतारांनी आधीच ठरवून ठेविले होते आणि पाथरवटांनी ते मानले. इतका मोठा सन्मान भिंतीवर कोरलेला असताना खोट्या निरोपाची उसनवारी कशाला?

मोबाईल टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. परदेशी असलेली लेकरे त्याच्यामुळेच आईला रोज दिसतात, आणि या संमेलनाची बातमीही त्याच्यावरूनच पोचली. मात्र ज्या चित्रफितीची मिळकत ती किती वेळ पाहिली गेली यावर ठरते, तिला उत्तरापेक्षा नवलच अधिक परवडते.

कार्यकारी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. समाजाच्या गटावर वेरूळविषयी जे येईल त्याखाली ते कोणी लिहिले व कशावरून, हे असल्यावाचून ते पुढे पाठवू नये. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वर-वधूंची यादी थोडी आखडून चार पाने हत्यारांना द्यावीत. सामता, गुण्या, ओळंबा, वाकस, पटाशी, रंधा यांचे भाग, त्यांची नावे आणि ती धरण्याची रीत आज सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना ठाऊक आहे. ती त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत, नावगावासह उतरवून घ्यावी. त्याच मोबाईलवर त्यांचे हात चालताना टिपावेत, म्हणजे विचारणाऱ्या नातवाला दाखविता येतील.

भोजनानंतर चार वाजता येथून दहाव्या लेण्याकडे निघावयाचे आहे. वरच्या सज्जात गेल्यास छताच्या फासळ्या जवळून दिसतात; ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी अवश्य वर यावे, आणि मुलांना पुढे उभे करावे.